उरलेले येन आणि भोकाचा पैसा

जपानला जाऊन आलेल्या माणसाने जपानवर लिहावं, अशी रीत आहे. चेरीची फुलं, वाऱ्यासारखी पळणारी गाडी, आणि शौचालयात खालून अचानक येणारं ते गरम पाणी, ज्याला आमच्या गटातल्या एका काकांनी दाराबाहेर ऐकू जाईल अशी दाद दिली होती. हे सगळं मी पाहिलं आणि भेटेल त्याला साभिनय सांगितलंही. पण लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं, की माझा खरा प्रवास परत आल्यावर घडला. तो गिरगावातून निघाला आणि लालबाग, परळ, माहीम करत दादरला संपला. त्याला व्हिसा लागला नाही. घाम मात्र जपानपेक्षा पुष्कळ जास्त आला.

ज्यांनी हा प्रवास केलेला नाही, आणि देव करो त्यांच्यावर तशी वेळ न येवो, त्यांच्यासाठी तो सांगते.

गिरगाव

जपानात चिल्लर माणसाच्या मागे लागते. आपण नोट द्यावी, दुकानातल्या मुलीने कमरेत वाकून ती छोट्या तबकात घ्यावी, आणि पाण्याच्या एका बाटलीमागे त्याच तबकात मूठभर नाणी परत करावीत. तिथे पैसे हातात देत नाहीत. देवाला नैवेद्य दाखवावा तसे तबकात ठेवतात. "सुट्टे नाहीत, दोन गोळ्या घ्या" हा आपला सोपा तोडगा त्या हुशार लोकांना अजून सापडलेला नाही. परिणामी सहल संपेपर्यंत माझा बटवा टम्म फुगला. मुंबईला उतरले तेव्हा मी फिरून आले आहे की कुठल्या तरी देवळाची दानपेटी फोडून आले आहे, हे सांगणं कठीण होतं.

या चिल्लरचं काय करायचं, यावर घरात परिषद भरली. सुधीरचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, मत ठरलेलं. "डब्यात टाक. पुढच्या वेळी उपयोगी पडेल." आमच्याकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात सिंगापूर, दुबई आणि नेपाळची नाणी पुढच्या वेळेची वाट बघत गुण्यागोविंदाने नांदताहेत. उरलेली परदेशी चिल्लर म्हणजे त्या देशाला आपण दिलेलं "पुन्हा येईन" हे वचन. जिन्यात भेटलेल्या माणसाला आपण "या एकदा घरी" म्हणतो, तितकंच ते खरं.

मी बटवा घेऊन फोर्टात गेले. पैसे बदलून देणाऱ्या दुकानातल्या माणसाने माझ्या नोटा घेतल्या. नाणी मी काचेखालून आत सरकवली, ती त्याने दोन बोटांनी बाहेर सरकवली.

"कॉइन नाही घेत मॅडम."

"अहो, यात पाचशेचं नाणं आहे!"

"पाच हजाराचं असलं तरी नाही. इथे चालत नाही, आणि तिकडे परत कोण घेऊन जाणार?"

"मी जाते," मी म्हटलं. "तिकिटाचं तेवढं तुम्ही बघा."

तो हसला नाही. दिवसभर दुसऱ्यांचे पैसे हाताळणाऱ्या माणसांना हसणं परवडत नसावं.

त्यातच दुसरं संकट उभं राहिलं. परदेशातून आलेल्या माणसाने वाटायला काहीतरी आणायचं असतं. न आणणाऱ्याला लोक क्षमा करतात, पण पुढच्या दिवाळीपर्यंत ऐकवतात. मी हिरव्या चहाची चॉकलेटं आणली होती. पहिलं चॉकलेट चघळून शेजारच्या काकूंनी विचारलं, "शुभा, ही रात्री झोपताना घ्यायची, की सकाळी अनशापोटी?" बाकीची चॉकलेटं तशीच राहिली.

तेव्हा मला एक कल्पना सुचली. मला कल्पना सुचली की सुधीर चपला शोधू लागतो. मी दादरच्या एका शाळेत चित्रकला शिकवते, त्यामुळे घरात रंगीत कागदांना तोटा नाही. बसले, कागदांच्या सुबक पुड्या केल्या, आणि बटव्यातलं एकेक, कुठे दोन-दोन, नाणं त्यांत घातलं. चष्मा न घालता. चष्मा घातला की माझ्यातली कलावंत दिसेनाशी होते आणि नुसती शिक्षिका उरते.

नुसतं नाणं देणं बरं दिसत नाही, म्हणून प्रत्येक पुडीबरोबर एकेक प्राचीन जपानी प्रथाही मोफत दिली. या सगळ्या प्राचीन प्रथा मी त्याच दुपारी बनवल्या होत्या. चाळीच्या गणेशोत्सवात तीन अंकी नाटकं केलेली बाई मी. समोर प्रेक्षक दिसला की माझ्याच्याने गप्प बसवत नाही. त्यातून जपानचं पाच येनचं नाणं पितळेसारखं पिवळं, आणि त्याला मधोमध भोक! अशा नाण्यावर कथा रचली नाही तर रचायची तरी कशावर?

लालबागच्या नंदाला मी सांगितलं, की हे नाणं धंद्याच्या गल्ल्यात ठेवायचं, आणि एकदा ठेवलं की बाहेर काढायचं नाही; काढलं तर बरकत जाते. दादरच्या मासळी बाजारात बसणाऱ्या हिरामावशीला सांगितलं, की जपानी कोळी हे नाणं जाळ्याला बांधतात, मग जाळं रिकामं येत नाही. दोघींनी तोंडाला पदर लावून ऐकलं. मी घरी आले ती तरंगत.

आठवडाभराने, शुक्रवारी संध्याकाळी, सासूबाईंनी हाक मारली. आमच्या आई मूळच्या मालवणकडच्या. जन्म गिरगावात गेला, पण रागावताना आणि प्रेमात येताना त्यांना मालवणीच लागते. स्वर ऐकून दोन्हींपैकी काय ते लगेच कळत नाही.

"गो शुभा, माजो पैसो खंय?"

"कसला पैसा, आई?"

"कसलो म्हणजे? विमान पडाक नको म्हणान तुका दिल्लय तो! आयतवारी केतकीच्या पोराक बांधूचो आसा."

माझी नजर आधी बटव्याकडे गेली.

तो पैसा म्हणजे काय, हे सांगायला हवं. इंग्रजांच्या काळी तांब्याचा एक पैसा निघाला होता, त्याला मधे भोक होतं. आपल्याकडे तो काळ्या दोऱ्यात ओवून तान्ह्या बाळाच्या कमरेला बांधत, दृष्ट लागू नये म्हणून. आईंच्या घरातला असा पैसा सुधीरच्या कमरेला होता, त्याच्या भावाच्या होता, त्या भावाच्या मुलीच्या, म्हणजे केतकीच्या, कमरेलाही होता. बारशाला आई स्वतःच्या हाताने तो बांधतात, आणि बाळ चालू लागलं की परत घेऊन डबीत ठेवतात. आता केतकीला मुलगा झाला होता. रविवारी दुपारी दादरला माझ्या दिराच्या घरी बारसं होतं, आणि पैसा मीच बांधणार, हे आईंनी फोन करकरून सगळ्या नातलगांना सांगितलं होतं. त्यांना अलीकडे फारसं बाहेर पडता येत नाही. या एका कामासाठी त्या महिनाभर गुडघ्यांना तेल चोळत होत्या.

जाताना तो पैसा त्यांनी माझ्या बटव्याच्या अस्तराला पिनेने लावून दिला होता. आणि आता मला आठवलं, क्योतोमध्ये रस्त्यावरच्या पेय देणाऱ्या यंत्रात मी घाईने नाणी टाकत होते, पीन सुटली होती, आणि यंत्राने एक नाणं तीनदा थुंकून बाहेर टाकलं होतं. "मेलं किती चोखंदळ," म्हणत मी ते इतर नाण्यांत टाकलं होतं.

भोकाचं नाणं. इतर भोकांच्या नाण्यांत. आणि पुड्या बांधल्या बिनचष्म्याने.

"आहे की आई," मी म्हटलं. "जपून ठेवलाय." आईंनी माझ्याकडे पाहिलं. नाटकात पुढच्या रांगेत बसलेला एखादा प्रेक्षक असा बघतो, की आपण वाक्य विसरलो आहोत हे आपल्या आधी त्याला कळलेलं असतं.

आतल्या खोलीत जाऊन मी उरलेली सगळी नाणी पलंगावर ओतली, या वेळी चष्मा घालून. पैसा नव्हता. भोकाची नाणी असलेल्या पुड्या गेल्या होत्या तीन ठिकाणी: नंदा, परळची रत्नमाला आणि हिरामावशी.

लालबाग

फोन केला असता तर काम झालं असतं, असं तुम्ही म्हणाल. नंदाची मसाला कांडायची गिरणी आहे आणि दिवस एप्रिलचे. अख्ख्या मुंबईचा वर्षाचा मसाला त्या गल्लीत कांडून निघत असतो. तिला फोन केला तर पलीकडून नुसता धडधड आवाज आला, आणि मधेच तिचं "सव्वा किलो बेडगी!" तो हुकूम माझ्यासाठी नव्हता.

शनिवारी सकाळी टॅक्सीने लालबागला उतरले. हवेत मिरची अशी भरलेली, की गल्लीच्या तोंडाशीच सातआठ शिंका आल्या. जपानात लोक नाक नुसतं आत ओढतात, शिंकरत नाहीत. चारचौघांत शिंकरणं असभ्य मानतात. त्या सगळ्या सभ्य लोकांना एप्रिलमध्ये लालबागला आणून उभं करावं, असं मला फार वाटलं.

नंदा आणि मी शाळेपासूनच्या मैत्रिणी. तोंडाला पंचा बांधून ती गल्ल्यावर बसली होती.

"शुभे! ये ये. अगं, काय नाणं दिलंस! त्या दिवसापासून गर्दी हटत नाही."

"एप्रिल आहे नंदे. दर एप्रिलला तुझ्याकडे गर्दी असते."

"तसं नाही गं. उधारीवाला तो पाटणकर, तीन वर्षं तोंड लपवून फिरत होता, तो परवा आपणहून पैसे देऊन गेला!"

मी घसा साफ केला. "नंदे, ते नाणं जरा बघायचं होतं."

तिने गल्ल्यावर हात ठेवला. "बघायचं म्हणजे?"

"काढून. हातात घेऊन."

"काढून?" पंच्यावरचे तिचे डोळे मोठे झाले. "तूच सांगितलंस ना, बाहेर काढलं की बरकत जाते?"

"अगं, ते मी बनवून सांगितलं होतं."

"हो का? आता सांगतेयस. पाटणकरने पैसे दिल्यावर." गिरणीतल्या दोघी कामवाल्या काम सोडून ऐकत होत्या. "नाही हं शुभे. तुला दुसरं कुणी गिऱ्हाईक मिळालंय. जास्त किमतीचं."

आपल्या खोट्यावर दुसऱ्या कुणाची इतकी श्रद्धा बसणं हा कलावंताचा सर्वोच्च सन्मान असतो. तो मला चुकीच्या दिवशी मिळाला. अखेर तह झाला. गल्ला थोडासा उघडायचा, नाणं आतच राहील, मी फक्त बघायचं. मी मिरच्यांच्या पोत्यांमधे गुडघे टेकले, मोबाईलचा दिवा लावला आणि चष्मा घालून गल्ल्यात डोकं घातलं. नोटांच्या खाली, हळदकुंकू वाहिलेलं, पिवळंजर्द नाणं चमकत होतं. पाच येन.

"हे नाहीये," मी म्हटलं आणि गल्ल्यात शिंकले.

हळदकुंकू आणि दहा-दहाच्या नोटा उडाल्या. नंदाने गल्ला फाटकन बंद केला, माझं नाक थोडक्यात वाचलं. मग पंचा खाली ओढून ती इतकी हसली की तिला बसावं लागलं. काय हरवलं ते मी सांगितल्यावर मात्र हसू आवरून म्हणाली, "आईंचा पैसा? अगं बाई. जा तू, पळ आधी." आणि पळणाऱ्या बाईच्या हातात अर्धा किलो मालवणी मसाला कोंबला. तिच्याकडून कुणी रिकाम्या हाताने पळू शकत नाही.

परळ

रत्नमाला परळच्या एका मोठ्या रुग्णालयात रक्त तपासते. पूर्वी आम्ही एकाच इमारतीत राहत होतो. तिचं घर आता गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या उंच इमारतींच्या सावलीत, जुन्या चाळीतच आहे. "टॉवरवाल्यांना आमची चाळ दिसते, आम्हाला नुसते त्यांचे एसी दिसतात," ती म्हणते.

तिला मी मुद्दाम दहा येनचं नाणं दिलं होतं. त्याच्यावर जपानातल्या एका जुन्या बुद्धमंदिराचं चित्र कोरलेलं आहे. ही गोष्ट शंभर टक्के खरी. मी स्वतः ते मंदिर तळ्याकाठी उभं राहून पाहिलं. त्या सबंध आठवड्यात मी एकदाच खरं बोलले, आणि ते रत्नमालाशी.

"शुभाताई, तुमच्यावर विश्वास ठेवला नाही हं मी," दार उघडताच ती म्हणाली. "रात्री फोनवर शोधून काढलं. खरंच विहार आहे की!"

"म्हणजे काय? मी खोटं बोलेन?"

"मागे तुम्ही मला सांगितलं होतं, काश्मीरला गुलाबी रंगाच्या शेळ्या असतात."

मी विषय बदलला. आत भिंतीवरच्या फळीवर बुद्धाची मूर्ती होती आणि तिच्या पुढे, काचेच्या छोट्या वाटीत, ते तांबूस नाणं. विहाराची बाजू वर. तिने सकाळी वाहिलेली फुलं अजून ताजी होती. पैशाला मी इतक्या आदराने ठेवलेलं जपानात पाहिलं नव्हतं, आणि तिथे तर रोज तबकात ठेवत होते.

"पुडीत आणखी एक होतं ना?" मी विचारलं.

"होतं. भोकाचं." तिने कपाटातून काढून दिलं. "हे घेऊन जा हवं तर. मला विहार पुरे."

मी चष्मा चढवला. पिवळं. हेही पाच येन.

मी खुर्चीत बसले. रत्नमालाने आधी पाणी दिलं, मग चहा, मग सुक्या जवळ्याची चटणी आणि भाकरी. रक्त तपासणाऱ्यांना माणूस कधी उपाशी आहे ते चेहऱ्यावरून कळतं. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "राहिली कोण?"

"हिरामावशी. आणि तिला मी सांगितलंय, जाळ्याला बांध."

रत्नमालाने भाकरीचा तुकडा तोंडाकडे नेता नेता थांबवला. "म्हणजे आईंचा पैसा आता समुद्रात असेल?"

मी तिच्या घरूनच हिरामावशीला फोन लावला. मुलाने उचलला. मागे वारा, इंजिनाची फटफट.

"आय आज भायेर गेलीय. आठवडा झाला, बाजारात बसत नाय. मी होडीवर हाय. आवाज येत नाय, उद्या या घरी!" आणि फोन तुटला.

रात्री जेवताना आईंनी मला दोनदा विचारलं, पैसा कशाने घासायचा, चिंचेने की रांगोळीने. मी म्हटलं, "चिंचेने." आणि तिसरा प्रश्न यायच्या आत ताट उचलून उठले.

माहीम

रविवारी सकाळी सुधीर आणि आई टॅक्सीने दादरला निघाले. मी "शाळेतून तबक घेऊन येते" असं सांगून वेगळी निघाले आणि दादर मागे टाकून हिरामावशीच्या माहीमला उतरले. कोळीवाड्यात वाळूवर होड्या ओढून ठेवल्या होत्या, मधे क्रिकेट चाललं होतं, दांड्यांवर बोंबील वाळत होते आणि मागे समुद्रावरचा तो लांबलचक पूल ऊन खात उभा होता. मी प्रत्येक पसरलेल्या जाळ्यावर वाकून बघत चालले होते. एका म्हाताऱ्याने विचारलं, "काय हरवलं बाय?"

"एक पैसा."

"एका पैशासाठी येवढी वाकतेस?" तो म्हणाला. "गुजराती हाय का तू?"

हिरामावशी दारातच बसली होती, पुढ्यात कोलंबीचा ढीग. बोटं सोलत होती, तोंड बोलत होतं, आणि पायाने पाळण्याची दोरी हलत होती.

"अगो, टीचरबाय! ये, ये! आमच्या नातीला बघायला आलीस?"

"नातीला?" मी म्हटलं.

"सुनेला पोरगी झाली ना! आन तू कसं गो ओलखलंस? मी बाजारात कुनाला बोलली पन नव्हती, दिवस भरलेत म्हणून." तिने ओल्या हाताने माझा हात धरून पाळण्याकडे ओढलं. "जाल्याचं बोललीस ती मस्करी, कललं मला. जाल्याला शिसं बांधतात, पैसा कोन बांधील! घरी येऊन पुडी उघडली, तं भोकाचा पैसा! माझ्या आजीच्या कमरेला असाच होता. बोलली, टीचरनी बघ कशी आठवन ठेवली."

पाळण्यात मूठभर पोर झोपलेली. तिच्या कमरेला काळा दोरा. दोऱ्यात आईंचा पैसा, घासून लख्ख केलेला.

मी आयुष्यात क्वचितच गप्प बसले आहे. एकदा भूल दिली होती तेव्हा, आणि एकदा तिथे. दुकानातून वस्तू परत मागता येते, गल्ल्यातून भांडून काढता येते. तान्ह्या पोरीच्या कमरेवरून काय मागणार? दादरला आई गुडघ्यांना तेल लावून बसल्या असतील, हेही डोळ्यांपुढे दिसत होतं. बाळाने झोपेतच तोंड वाकडं केलं.

"काय झालं गो?" हिरामावशीने विचारलं. "तोंड का पापलेटसारखं केलंस?"

मग मी सगळं सांगितलं. यंत्र, पीन, चष्मा, पुड्या, आई, बारसं. अभिनयाशिवाय सांगितलं, त्यामुळे ते फार लवकर संपलं.

हिरामावशीने हातातली कोलंबी ढिगात टाकली. मला वाटलं, आता शिव्या. ती हसली, पदर तोंडात घालून, खांदे हलवत. "म्हणजे तू मुद्दाम दिलाच नाय! ह्योच चुकून आला!" मग एकदम गंभीर झाली. "म्हातारीचा हाय?"

"हो."

"मंग माझ्याकडे कसा राहील?" ती पाळण्याकडे वळली आणि थांबली. "पन कंबर बोडकी ठेवनार नाय हां मी. बांधलेलं असंच काढत नसतात."

माझा हात आपोआप पर्समध्ये गेला. रत्नमालाने परत दिलेलं पाच येनचं नाणं. मी ते तळहातावर ठेवून पुढे केलं. आतून सून बाहेर आली, नाणं उन्हात फिरवून पाहिलं. "आई, हेच घ्या ना! सोन्यासारखं दिसतंय. फोटो काढून स्टेटसला ठेवते."

"देवाचं असतं काय ह्यावर?" हिरामावशीने विचारलं.

प्रथा माझ्या जिभेवर येऊन बसली होती. मी ती गिळली. "नाही. भाताची लोंबी आहे. आणि खाली पाणी."

"भात आन पानी," हिरामावशी म्हणाली. "मंग आनखी काय पायजेल?"

तिने कोलंबीच्याच हातांनी जुनी गाठ सोडली, पिवळं नाणं ओवलं, नवी गाठ मारली. पोर जागी झाली नाही. तांब्याचा पैसा तिने माझ्यापुढे धरला, आणि जपानची सवय इतकी अंगात मुरलेली, की मी शेजारची स्टीलची ताटली दोन्ही हातांनी पुढे करून कमरेत वाकले.

"काय गो, आरती हाय?" हिरामावशी म्हणाली आणि पैसा ताटलीत टणकन टाकला. "जेवून जा. कालवन टाकते."

बारशाची वेळ झाली होती. मी नंदाचा मालवणी मसाला तिच्या ओट्यावर ठेवला आणि पळाले. वाळूतून पळणारी मध्यमवयीन बाई पाहून क्रिकेटवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

दादर

दिराच्या घरात घुगऱ्यांचा वास, उदबत्तीचा धूर आणि नातलगांचा कल्लोळ. पाळणा झेंडूने सजवलेला. आई मधोमध खुर्चीत, मांडीवर केतकीचा मुलगा, हातात काळा दोरा तयार. मला पाहताच सुधीरने असा सुस्कारा सोडला की समया फडफडल्या.

"तबक खंय?" आईंनी विचारलं.

"शाळा बंद होती."

"आयतवारी बंदच आसता," आई म्हणाल्या. "पैसो?"

मी दिला. आईंनी तो दोऱ्यात ओवला, बाळाच्या कमरेभोवती घेतला, गाठ मारायला वाकल्या, आणि थबकल्या. पैसा नाकाशी नेला.

"पैशाक सुंगटांचो वास कसो येता गो?"

सुंगटं म्हणजे कोलंबी. माझ्यातली कलावंत जागी झाली, दमलेली होती तरी. "आई, जपानात सगळीकडे मासळीच. नोटांनासुद्धा येतो."

"जपानचा सुंगट आसतां तर एव्हाना कुसलां आसतां," आई म्हणाल्या. "ह्यो वास आजचो."

मालवणच्या बाईला मासळीच्या ताजेपणावरून फसवता येत नाही. मी त्यांच्या खुर्चीशी बसले आणि हळू आवाजात सांगून टाकलं. नंदाचा गल्ला, रत्नमालाचा विहार, माहीमची तान्ही पोर. आई ऐकत होत्या. दोरा बोटांत तसाच होता. मांडीवरचा पोरगा छताकडे बघत होता. केतकीच्या कपाळावर आठी पडली होती, सुधीर चपला शोधत होता.

"मगे त्या चेडवाच्या कमरेक आता काय आसा?" आईंनी विचारलं.

आधी मला कळेनाच, त्या काय विचारताहेत. मग कळलं. चेडू, ती माहीमची पोरगी. "जपानचं नाणं आहे, आई. भोकाचं."

"खोटा नाय मां?"

"नाही. खरं आहे. जपानात सगळीकडे चालतं."

आईंनी बाळाच्या पोटावरचा पैसा सरळ केला.

"मगे हयसर मुंबयत पण चलात," त्या म्हणाल्या आणि त्यांनी गाठ आवळली.